पिनबॉल आत, देवनागरी बाहेर

जून २०२४ मध्ये शाळा उघडल्या त्या आठवड्यात मी तिलारीच्या खोऱ्यातल्या एका गावच्या शाळेला चार लॅपटॉप तयार करून दिले. लॅपटॉप जुने होते. गावच्या मुंबईकर चाकरमान्यांनी आपापल्या ऑफिसांतून निकालात निघालेले गोळा करून गाडीतून पाठवलेले. ते चालते करणं एवढंच माझं काम. चार जीबी रॅम होती, फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी मी १२० जीबीच्या एसएसडी बसवल्या आणि परवान्याची भानगड नको म्हणून लिनक्स टाकायचं ठरवलं. टाकताना पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला : मोजकं हवं की सगळं? मी ‘मोजकं’वर टिचकी मारली. दोडामार्गच्या बाजारात वीस वर्षं संगणक दुरुस्तीचं आणि डीटीपीचं दुकान चालवताना हे उत्तर हाताला इतकं सवयीचं झालं आहे की प्रश्न वाचायचीही गरज पडत नाही. यंत्र जुनं, जागा थोडी, मग भार कशाला?

चौथ्या दिवशी शाळेच्या बाईंचा फोन आला. “सर, ह्यात वर्ड खंय आसा? आणि मराठी कसा लिवचा?”

वर्ड म्हणजे त्यांच्या दृष्टीने लिहायचं साधन, ते कुठल्या कंपनीचं हा प्रश्न गौण. मी म्हटलं, नेट जोडा, मी सांगतो तसं करा, दहा मिनिटांत येईल. पलीकडे जरा शांतता. मग कळलं की हा फोनच त्या शाळेमागचा चढ चढून, छत्री सावरत करत होत्या. खाली वर्गात रेंज नव्हती. दोन दिवस वीज नव्हती आणि टॉवर बॅटरी संपून थंड पडला होता. आमच्याकडे मिरगानंतर हे काही नवीन नाही आणि हे मला त्या गावातल्या कोणाही इतकंच ठाऊक होतं. तरी मी ‘मोजकं’ निवडलं होतं. चूक माझीच होती. पण ही चूक माझ्या हातून इतक्या सहज कशी झाली, हे शोधू लागलो तेव्हा त्या एका टिचकीमागे बराच जुना मजकूर निघाला. तो वाचायचा हा प्रयत्न.

इन्स्टॉलेशनचे पडदे हा मजकूरच आहे, आणि कोणी न वाचलेला मजकूर आहे. ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. कथाकवितांची समीक्षा करणारे लोक शब्दाशब्दावर थांबतात, पण ज्या चार ओळींवर एखाद्या यंत्राची पुढची पाच वर्षं ठरतात त्यांच्यावर कोणी थांबत नाही. मी थांबून पाहिलं.

विंडोज ९५ चा पडदा आठवा. चार पर्याय होते : टिपिकल, पोर्टेबल, कॉम्पॅक्ट आणि कस्टम. टिपिकल बहुतेक संगणकांसाठी योग्य, पोर्टेबल सोबत नेण्याच्या संगणकांसाठी, कॉम्पॅक्ट जागा वाचवण्यासाठी आणि कस्टम फक्त जाणकारांसाठी, असं शेजारी लिहिलेलं असे. तेव्हा डिस्कची जागा शेकडा-शेकडा एमबीत मोजायची, म्हणून हा प्रश्न खरोखरच जागेचा होता. तरीही ‘टिपिकल’ या शब्दाकडे बघा. मराठीत आपण त्याला ‘नेहमीचं’ म्हणू. नेहमीचं कोणाचं? कोणीतरी, कुठेतरी बसून, एक नेहमीचा माणूस कल्पिलेला आहे आणि त्याचं बिऱ्हाड बांधून ठेवलेलं आहे. आपण त्या माणसाच्या मापाचे असलो तर प्रश्न नाही. नसलो तर आपण ‘कस्टम’, म्हणजे जाणकार असायला हवं. साधा पण वेगळा माणूस, जाणकार नसलेला पण नेहमीचा नसलेला, असा पाचवा पर्याय त्या पडद्यावर नाही.

हा पाचवा माणूस म्हणजे आपण. याचा पुरावा विंडोज एक्सपीत मिळतो.

एक्सपी बाजारात आली ऑक्टोबर २००१ मध्ये. त्याच वर्षी एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मास्तरांनी, ग्रामसेवकांनी, कारकुनांनी माउस पहिल्यांदा हातात धरला तो बहुधा एक्सपीवरच. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. एक्सपीला ती येतही होती. पण ती आपोआप बसत नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, त्यात लँग्वेजेस नावाचं पान, त्याच्या तळाशी एक रिकामी चौकट. चौकटीपुढच्या इंग्रजी वाक्याचा अर्थ असा : गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या भाषा (थाईसह) यांच्या फाइली बसवा. मराठी, हिंदी किंवा देवनागरी यांपैकी एकही नाव तिथे नव्हतं. आपली लिपी उजवीकडून डावीकडे जात नाही, आपण थाईही नाही. उरतं काय, तर ‘गुंतागुंतीची’. आपली भाषा या चौकटीत आहे हे आधीपासून माहीत असेल त्यालाच ती चौकट सापडणार. टिचकी मारल्यावर मग एक इशारा यायचा आणि त्यात अरबी, हिब्रू, व्हिएतनामी यांच्या रांगेत एकदाचा भारतीय भाषांचा उल्लेख व्हायचा. या सगळ्यांसाठी मिळून १० एमबी किंवा अधिक जागा लागेल, असं त्या इशाऱ्यात लिहिलेलं असे.

दहा एमबी. एक्सपीला स्वतःला डिस्कवर दीड जीबी लागेल असं कंपनीच सांगत होती. म्हणजे साऱ्या भारतीय भाषा, वर अरबी, हिब्रू, थाई वगैरे धरूनही, एक टक्क्याच्या आत बसत होत्या. आणि तेवढी जागा वाचवणाऱ्या त्याच एक्सपीत पिनबॉलचा खेळ मात्र न मागता येत होता. पत्त्यांचे खेळ, चित्रफिती कापायचं साधन, हिरव्या टेकडीचं चित्र, सगळं आत. पिनबॉलवर माझा राग नाही, दुपारच्या वेळी दुकानात मीही खेळलो आहे. पण जागेचं कारण त्या दिवसापासून मला पटेनासं झालं.

चौकटीवर टिचकी मारली की एक्सपी स्वतःची सीडी मागायची. इथे आमच्याकडची गोष्ट सुरू होई. आमच्या भागातले बहुतेक संगणक जुळवून घेतलेले, दुकानदाराने आपल्याकडच्या एका डिस्कची नक्कल मारून दिलेले. सीडी कोणाकडेच नसे. माझ्या दुकानात एक गृहस्थ मुलीच्या स्थळाची माहिती घेऊन आले होते. पुण्याहून ईमेलने आलेली, युनिकोडात लिहिलेली. पडद्यावर नुसत्या रिकाम्या चौकटींच्या ओळी. मी चौकट शोधली, टिचकी मारली, सीडीच्या मागणीपाशी अडकलो. ज्याने तो संगणक मला जुळवून दिला होता त्याच्याकडेही सीडी नव्हती. दुसऱ्या दिवशी म्हापशाला जाऊन एका ओळखीच्याकडून आणली. दहा एमबीसाठी राज्याची हद्द ओलांडून एसटीने जाऊन येणं. स्थळ पुढे जमलं की नाही हे मी विचारलं नाही.

विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, ही चौकट गेली आणि देवनागरी मुळातच येऊ लागली. तोवर सहा वर्षं गेली होती, आणि एक्सपीला अधिकृत पूर्णविराम मिळाला तो थेट एप्रिल २०१४ मध्ये. या मधल्या काळात मराठी मजकूर जुन्या, प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या फॉन्टांत अडकून राहिला याची कारणं अनेक सांगितली जातात : लोकांची सवय, कार्यालयांची उदासीनता, छापखान्यांची सोय. ती खरी आहेत. मी स्वतः डाँगल लावून चालणाऱ्या फॉन्टांवर लग्नपत्रिका आणि दशावताराच्या जाहिराती केल्या. पण या कारणांच्या यादीत ती रिकामी चौकट कोणी धरत नाही. ती धरायला हवी असं माझं मत आहे. चालत्या यंत्रात युनिकोड मराठी दिसत नाही आणि जुना फॉन्ट मात्र लगेच दिसतो, तर माणूस कशाकडे जाईल?

विंडोज १० मध्ये याच गोष्टीचं एक धाकटं भावंड आहे. एक्सपीच्या काळात ज्या मंगल फॉन्टात सगळ्यांनी लिहिलं, तो नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये मुळात नसतो. मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे ‘देवनागरी पुरवणी फॉन्ट’ या नावाच्या वेगळ्या गठ्ठ्यात गेले, आणि मराठी किंवा हिंदी भाषा जोडली की तो गठ्ठा नेटवरून उतरतो. निर्मला नावाचा फॉन्ट आत असल्यामुळे अक्षरं दिसतात, चौकटी येत नाहीत. सुधारणा आहेच. फक्त जुन्या फाइलीतल्या ओळी जिथे मोडायच्या तिथे मोडत नाहीत, आणि एका पानाचा अर्ज दुसऱ्या पानावर दोन ओळी टाकून मोकळा होतो.

‘लागेल तेव्हा आणू’ ही कल्पना तशी जुनी. ऑफिस २००० मध्ये तिसरा एक पर्याय आला होता : आत्ता नको, पहिल्यांदा वापराल तेव्हा बसवू. मेनूत नाव दिसायचं, दाबलं की सीडीची मागणी. म्हणजे किमान आणि पूर्ण यांच्या मधोमध एक उधारीचा पर्याय. पुढे सीडीची जागा नेटने घेतली, आणि आज ‘मोजकं’ या शब्दाचा अर्थ मुळी हाच झाला आहे : बाकीचं नेटवर आहे. शब्द जागेचा राहिला, अर्थ मात्र रेंजचा झाला.

लिनक्सच्या जगात हे जास्त स्पष्ट दिसतं, कारण तिथे सगळं उघड्यावर असतं. डेबियनची नेटवरून बसणारी छोटी प्रत वर्षानुवर्षं लोकप्रिय होती. पाया तेवढा सोबत, बाकी सारं बसवतानाच उतरवायचं. आता यातला फास बघा. अनेक लॅपटॉपांच्या वायफायला चालायला जी फर्मवेअरची फाइल लागते, ती परवान्याच्या तत्त्वामुळे अधिकृत प्रतीत नसे. म्हणजे उरलेलं आणायला नेट हवं, आणि नेट चालवणारी वस्तू उरलेल्यात. जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून ती फाइल अधिकृत प्रतीत येऊ लागली.

उबुंटूची गोष्ट याहून मजेशीर आहे. सुरुवातीच्या काळात ते लोक जगात कुठेही फुकट सीडी टपालाने पाठवत. २०११ पर्यंत ती सोय होती, आणि पाकीट सिंधुदुर्गातही येत असे. त्या सीडीत निवड नव्हती. ७०० एमबीत जे मावेल ते सगळं, लिहायच्या-हिशोबाच्या साधनांसह. जागा खरोखर कमी होती तेव्हा ‘मोजकं’ असा पर्यायच दिलेला नव्हता, ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते. मोजक्याचा पर्याय आला एप्रिल २०१८ च्या १८.०४ आवृत्तीत. आणि तो चालायचा कसा? आधी सगळं डिस्कवर उतरवायचं आणि मग शेवटी ऐंशीच्या आसपास वस्तू काढून टाकायच्या. म्हणजे फाइल तेवढीच मोठी उतरवायची, फक्त घरात आल्यावर अर्धं सामान रस्त्यावर ठेवायचं. ऑक्टोबर २०२३ च्या २३.१० पासून तर मोजकं हेच मूळ धरलं गेलं आणि पूर्ण हा मुद्दाम निवडायचा पर्याय झाला. लिब्रे ऑफिस मोजक्यातून बाहेर गेलं. ‘टिपिकल’ माणूस बदलला होता. त्याला आता फक्त ब्राउझर लागतो, कारण त्याचं लिहिणं, हिशोब, फोटो सगळं ब्राउझरातूनच चालतं, आणि त्याचं नेट कधी जात नाही. २४.०४ ची फाइल साडेपाच जीबीच्या वर आहे. मोजकं निवडा वा पूर्ण, उतरवावी तेवढीच लागते.

त्या फोननंतर मी ही साडेपाच जीबीची फाइल दुकानात उघडून बसलो. आत ‘कॅस्पर’ नावाचा एक फोल्डर असतो आणि त्यात प्रणालीचे थर एकावर एक रचलेले असतात. मिनिमल नावाचा एक थर, त्यावर स्टँडर्ड नावाचा दुसरा. म्हणजे पूर्ण संच त्याच पेनड्राइव्हवर असतो, नेट लागत नाही. मी शाळेत टाकताना ‘पूर्ण’वर टिचकी मारली असती तर बाईंचा अर्धा प्रश्न आला नसता. उरलेल्या अर्ध्याचं उत्तर त्याच फोल्डरात, फाइलींच्या नावांत होतं. प्रत्येक थराच्या भाषावार प्रती होत्या : जर्मन, इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज, रशियन आणि चिनी. आठ भाषा. आणि नववी एक प्रत, जिचं नाव ‘नो-लँग्वेजेस’. या आठांबाहेरची भाषा निवडणाऱ्याला ही नववी प्रत मिळते, आणि तिच्या भाषेचं सामान नेट असेल तर वरून येतं.

नावाचा राग धरायचं कारण नाही. एखाद्या अभियंत्याने फोल्डरला दिलेलं सरळ नाव आहे ते, आतल्या आत वाचण्यासाठी. जगातल्या सगळ्या भाषा एका फाइलीत कोंबता येत नाहीत हेही मान्य. पण २००१ च्या त्या चौकटीत आपण निदान ‘गुंतागुंतीचे’ होतो. इथे आपण ‘भाषा नाही’ या खणात आहोत. काटेकोर बोलायचं तर मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक पायातच असतो, शोधून लावला तर लिहिता येतं. बाईंना इनस्क्रिप्ट येत नव्हता. त्या मोबाइलवर लिहितात तसं रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवतात, आणि त्याचं साधन वेगळं बसवावं लागतं.

मोजक्याच्या बाजूने जे बोललं जातं ते मी हलकं मानत नाही. ज्या सर्व्हरवर शेकडो लोकांचा पैसा फिरतो तिथे प्रत्येक जादा वस्तू म्हणजे चोराला एक जादा खिडकी. नको असलेलं प्रत्येक साधन पुढे अपडेट मागतं, अपडेट डेटा खातं. अल्पाइनसारखी पाच-सहा एमबीची प्रणाली पाहिली की कारागिरीपुढे हात जोडावेसे वाटतात. माझ्या दुकानाचा स्वतःचा बॅकअपचा संगणक मी अगदी नागडा ठेवला आहे. पण तिथे काय कमी आहे हे मला माहीत आहे, आणि ज्या वस्तूची कमी आहे तिचं नाव माहीत आहे. मोजक्या संचाची खरी अट ही आहे. जागा किती, रॅम किती, या गोष्टी नंतर. बाईंना लिहायचं साधन हवं होतं, पण त्याला लिब्रे ऑफिस म्हणतात, आणि मराठीसाठी जे हवं त्याचं नाव ‘आयबस-एम१७एन’ आहे, हे त्यांना कुठून कळणार? नाव नसलेली वस्तू दुकानात मागता येत नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी मला वीस वर्षं दिसत असून दिसली नाही. नको ते काढायला रेंज लागत नाही, हवं ते घालायला लागते. शहरात बसून हा प्रश्न विचारणाऱ्याला काढणं आणि घालणं सारखंच सोपं, म्हणून त्याला दोन्ही पर्याय तोलाचे वाटतात. आमच्याकडे ते तोलाचे नाहीत. दोडामार्ग तालुका १९९९ साली सावंतवाडीतून वेगळा झाला. तालुका म्हणून पाटी लागली, कचेरी आली, पण माणूस खरंच आजारी पडला की गाडी अजून हद्दीपलीकडे बांबोळीलाच वळते. मोजकं बसवून बाकीचं पलीकडून आणायची सवय आम्हाला संगणकाच्या आधीपासून आहे, आणि ‘पलीकडून आणू’ म्हणताना वाटेत किती जातं याचा हिशोबही आमच्याकडे आहे. तो मी शाळेच्या लॅपटॉपला लावला नाही एवढंच.

पूर्ण म्हणजे तरी काय, हे कोणी ठरवायचं? केरळने हे स्वतः ठरवलं. तिथल्या शाळांच्या आयटी@स्कूल प्रकल्पाने, जो आता काइट म्हणून ओळखला जातो, उबुंटू घेऊन तीत मल्याळम, शिक्षकांना लागणारी साधनं, विषयांची सॉफ्टवेअरं, सगळं आधीच बसवून शाळांना एकच संच दिला. २०१९ मधला त्यांचा संच १८.०४ वर बेतलेला होता. बाकीचं जग मोजक्याकडे वळत होतं त्या सुमारास केरळच्या मास्तरांना आपल्या मापाचं पूर्ण मिळालं. सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर बेतलेली बॉस नावाची प्रणाली काढली, तीत भारतीय भाषा मुळातच होत्या. कल्पना बरोबर होती. पण दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाने ती आपणहून मागितल्याचं मला आठवत नाही. केरळात संचाच्या मागे प्रशिक्षण होतं, पाठ्यपुस्तक होतं, बिघडलं तर बघणारा माणूस होता. नुसती सीडी कोणाला पूर्ण करत नाही. डेबियनचंही श्रेय द्यायला हवं : बसवताना पहिल्या पडद्यावर भाषांच्या यादीत मराठी आहे, आणि मराठी वातावरणाचा गठ्ठा ‘टास्क-मराठी’ असा सरळ नावाने आहे. चौकटीमागे लपलेला नाही.

शाळेत मी पुढच्या शनिवारी गेलो. आदल्या रात्री दुकानात नेट होतं तेवढ्यात मराठी लिहायच्या साधनाच्या आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या फाइली एका वेगळ्या फोल्डरात उतरवून घेतल्या. एकीला दुसरी लागते, दुसरीला तिसरी, माटवीला एक कवंडळ बांधायला घेतलं की आणखी दहा जिनसा आठवतात तसं. चारही लॅपटॉप पुसून पुन्हा टाकले, या वेळी पूर्ण. मग त्या फोल्डरातून मराठी घातली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत झालं. १२० जीबीतली बरीचशी जागा तरीही रिकामीच राहिली. तो पेनड्राइव्ह, दोन्ही फोल्डरांसह, बाईंच्या कपाटात ठेवून आलो, आणि सोबत वहीच्या कागदावर कोणती वस्तू कशासाठी आहे हे मराठीत लिहून दिलं. ती यादी करायला मला लॅपटॉप टाकण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

चतुर्थीच्या सुट्टीनंतर गेलो तेव्हा एका लॅपटॉपवर ईमेलचं थंडरबर्ड दिसलं नाही. विचारलं, तर बाई म्हणाल्या, कागदावर वाचलं, इथे कोणी ते वापरत नाही, म्हणून सातवीच्या पोरांना दाखवत दाखवत काढून टाकलं. त्या दिवशीही वर्गात रेंज नव्हती.